माना वर झाल्या की होडी थांबवा

डिसेंबर उजाडला की माझा फोन पहाटेपासून वाजायला लागतो. प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, फ्लेमिंगो आलेत का?" आले असतील तर हो म्हणतो, नसतील तर नाही म्हणतो. पण हल्ली त्याच फोनवर मी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: माझ्या होडीतून पक्षी उडवून दाखवत नाही. हे ऐकून काही गिऱ्हाइकं दुसरीकडे जातात. जाऊ देत. जे येतात त्यांना दर वेळी तेच तेच सांगावं लागतं, म्हणून आज सगळं एकदा नीट लिहून काढतोय. उजनी धरणाच्या फुगवट्यावर होडीनं पक्षी बघायला येणार असाल तर निघायच्या आधी वाचा. आमच्यातली जी पोरं नवीन होडी घालतायत त्यांनीही वाचावं.

मी भीमाकाठचा. घर भिगवणच्या जवळ, इंदापूर तालुक्यात. आबा मासेमार, आजोबाही मासेमार, आणि मी निम्मा मासेमार, निम्मा गाइड. भीमेवरचं उजनी धरण 1980 ला पुरं झालं. ज्या जलाशयाला कागदावर यशवंतसागर म्हणतात त्याच्या तळाशी आमच्यासारख्या कितीकांची जुनी घरं, विहिरी, देवळं आहेत. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं, तेव्हा आबा तिकडं बघत उभे राहतात. या पाण्यावर ऊस पिकतो, सोलापूर शहर पाणी पितं, आम्ही मासे धरतो आणि हजारो पक्षी पोट भरतात. तुम्ही एक सकाळ मजेत घालवायला येता, तेव्हा या सगळ्यांच्या मध्ये येऊन बसता. जरूर या. कसं बसायचं तेवढं समजून या.

कधी यायचं, हे पाण्याला विचारा

लोक तारीख विचारतात. तारखेपेक्षा पातळी बघावी. धरण शंभर टक्के भरतं तेव्हा त्यात साधारण 117 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी असतं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त, 63 टीएमसीच्या वर, मृत साठा, म्हणजे तळाशी राखून ठेवलेलं पाणी. बातम्यांत "उजनी मायनसमध्ये गेली" असं येतं तेव्हा धरण कोरडं पडलेलं नसतं, पाणी मृत साठ्यात उतरलेलं असतं. धरण तुडुंब असताना काठापासूनच पाणी खोल असतं आणि रोहित पक्ष्याला, म्हणजे तुमच्या फ्लेमिंगोला, पाय टेकायला जागाच नसते. कालव्याला आवर्तन, म्हणजे शेतीच्या पाळीचं पाणी सुटलं, पाणी उतरायला लागलं, चिखलाच्या पट्ट्या वर आल्या, की गुडघाभर पाण्यात त्यांची खानावळ सुरू होते. एखाद्या वर्षी ते डिसेंबरातच दिसतात, एखाद्या वर्षी जानेवारी सरत येतो. म्हणून फोन केलात तर "पाणी किती उतरलंय" हे आधी विचारा. उत्तर देणारा माणूस पाण्यावर जाणारा आहे की नुसता बुकिंग घेणारा, हेही त्यातच कळतं.

बदकं नोव्हेंबरापासून असतात. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक. पट्टकादंब हंस लडाख-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात, रात्री आणि पहाटे काठच्या हरभऱ्यात, गव्हात चरतात आणि दिवसा पाण्याच्या कडेला झोपा काढतात. दुपारी स्वस्थ बसलेला हंसांचा थवा दिसला की बऱ्याच जणांना वाटतं, नुसते बसलेत, जरा जवळ जाऊ. ती त्यांची रात्र आहे हो. रात्रपाळीहून आलेल्या माणसाला आपण हलवून उठवतो का?

फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत तर फारच जपायला हवं. परतीच्या प्रवासाआधी हे पक्षी अंगात चरबी साठवत असतात. तोच त्यांचा वाटखर्च. एकदा उठवलं की थवा पंख मारत दोन फेऱ्या घेतो, लांब जाऊन बसतो, सावरायला वेळ लागतो आणि तेवढ्यात दुसरी होडी येते. रविवारी अशा दहा होड्या असतात.

दिवसात वेळ दोनच. सूर्य उगवल्यापासून नऊपर्यंत, आणि चारनंतर अंधाराच्या आधीपर्यंत. मधल्या वेळात उन्हाच्या झळा पाण्यावर नाचतात, कितीही भारी कॅमेरा असला तरी फोटो लिबलिबीत येतो. एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर पाण्यावर जाऊच नका, ते पक्ष्यांसाठी नाही, तुमच्यासाठी सांगतोय. वळवाचं वारं इथे क्षणात उठतं. मे 2024 मध्ये कळाशी आणि कुगावच्या मध्ये वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा माणसं गेली. त्या आठवड्यात आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. लाइफ जॅकेट नुसतं अंगावर टाकू नका, त्याचे पट्टे लावा. होडी आठ जणांची असेल तर नववा काठावर थांबेल, मग तो कुणाचा का भाऊ असेना.

होडी ठरवताना एक वाक्य

इथे येणाऱ्या माणसाच्या हातात सगळ्यात मोठी ताकद कुठली असेल तर हे वाक्य. होडीत पाय ठेवायच्या आधी होडीवाल्याला सांगा: "दादा, पक्षी नाही दिसले तरी पैसे पूर्ण देणार. जवळ नाही नेलं तरी चालेल, उडवू नका."

याचं कारण मला माझ्यावरून माहीत आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारी होता. एक साहेब मोठी लेन्स घेऊन आले होते. दोनशेच्या आसपास रोहितांचा थवा छान चरत होता. साहेबांचे बसलेले फोटो झाले आणि त्यांनी पाचशेची नोट काढून माझ्यासमोरच्या फळीवर ठेवली. "एकदा उडवा." मी इंजिन ओढलं आणि होडी सरळ थव्यात घातली. रोहिताला जागेवरून उडता येत नाही, पाण्यावर धावत जाऊन अंग उचलावं लागतं. दोनशे पक्षी एकदम धावले, सगळं आभाळ गुलाबी-काळं झालं, साहेब खूश झाले. थवा करमाळ्याच्या बाजूला गेला आणि पाच दिवस आमच्या बाजूला आला नाही. दुसऱ्या दिवशी बारामतीहून एका शाळेची पोरं आली होती. एक मुलगी घरून चित्र काढून घेऊन आली होती, गुलाबी रंगाचं. दोन तास ती दुर्बीण डोळ्याला लावून बसली आणि परत जाताना मला म्हणाली, "काका, ते आज कुठे गेले?" मी तिला खोटं सांगितलं. संध्याकाळी आबा ओट्यावर जाळं सांधत होते, त्यांच्या ते कानावर आलेलं होतं. ते एवढंच म्हणाले, "आपण तळ्यातला मासा धरतो रे, तळं विकत नाही." त्यानंतर मी कुणासाठी पक्षी उडवलेला नाही.

म्हणून सांगतो, "दिसले तर पैसे, उडवले तर बक्षीस" हा व्यवहार मोडा. पैसे तासावर ठरवा आणि आधी ठरवा. बक्षीस द्यायचंच असेल तर ज्यानं होडी लांब थांबवली, जो गप्प बसला, ज्यानं तुमच्यातल्या ओरडणाऱ्याला गप्प केलं, त्याला द्या. दोन-तीन वर्षं सगळ्यांनी असं केलं तर इथल्या पोरांना सांगायला मला हे लिहावं लागणार नाही. पोरं वाईट नाहीत. बँकेचा हप्ता आहे, मोसम चार महिन्यांचा आहे, आणि समोरचा माणूस नोट दाखवतोय.

किती जवळ जायचं

हा खरा मुद्दा. सगळे आकडा मागतात. माझा आकडा सांगतो: थवा दिसला की दोन-अडीचशे मीटरवरच इंजिन बंद, पुढे बांबूनं. रोहितांच्या शंभर मीटरच्या आत मी होऊन जात नाही. पण आकड्यावर विसंबू नका. आदल्या दिवशी कुणी छळलेला थवा तीनशे मीटरवर उठतो आणि निवांत असलेला थवा स्वतःहून पन्नास मीटरवर चरत येतो. माप पक्ष्याच्या मानेत आहे.

रोहित चरतो तेव्हा त्याचं डोकं पाण्यात उलटं असतं. वरची चोच खाली, खालची वर. जिभेनं पाणी आत ओढतो, बाहेर ढकलतो, आणि चोचीच्या कडेच्या चाळणीत बारीक किडे, शेवाळ अडकतं. डोकं पाण्यात असेल तोवर तो सुखात आहे. थव्यातून एक सारखा गुरगुरल्यासारखा, गप्पा मारल्यासारखा आवाज येत असतो. आता नीट बघा. होडी पुढे सरकली की आधी कडेच्या दोन-चार पक्ष्यांच्या माना वर होतात. इथे थांबायचं. बांबू चिखलात रोवायचा आणि होडी अडकवायची. कुणी उभं राहायचं नाही, बोट दाखवायचं नाही. पाच मिनिटांत त्या माना परत खाली गेल्या तर तुम्हाला परवानगी मिळाली असं समजा, तिथेच थांबा आणि बघा.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे सगळ्या थव्याच्या माना काठीसारख्या ताठ होतात, आवाज बदलतो, पक्षी एकमेकांजवळ सरकतात आणि सगळे एकाच दिशेला चालायला लागतात. याचा अर्थ तुम्ही आधीच जास्त जवळ आला आहात. मागे फिरा. वळसा घेऊन पुढून गाठायचा नाही. चालणाऱ्या थव्याच्या पुढे होडी घालणं म्हणजे म्हातारीला कोपऱ्यात रेटण्यासारखं आहे. पंख थोडे उघडून धावायला लागले, तर त्या दिवशी तिथलं तुमचं काम संपलं.

बदकांचं वेगळं. ती मान ताठ करतात तशी एकमेकांना चिकटत पोहत लांब जायला लागतात. तलवार बदकं सगळ्यात लाजरी. छोटे चिखल्या, तुतवार काठाकाठानं पळतात, थांबतात, परत पळतात. एकच पक्षी तुमच्या पुढे पुढे तीनदा उडून बसला तर समजा की तुम्ही त्याला हाकलत चाललाय, बाजूनं निघून जा. कधी कधी मार्श हॅरिअर हा शिकारी पक्षी वरून फिरतो आणि सगळं पाणी एकदम उठतं. तेव्हा फोटो काढा की खुशाल, तो त्यांच्या रोजच्या जगण्यातला धाक आहे. आपला त्यात भर घालायला नको.

जायची दिशाही सांगतो. नाकासमोर सरळ जाऊ नका. तिरकं, हळू, मधे मधे थांबत, जणू दुसरीकडेच चाललोय असं जा. सूर्य पाठीशी ठेवा. होडीत खाली बसा, लेन्स काठावर टेकवा, खालच्या कोनातून फोटोही चांगला येतो. लाल-पांढरे भडक कपडे नकोत, मातकट रंग बरे. 400 किंवा 600 ची लेन्स असेल तर जवळ जायची गरजच काय? आणि फक्त मोबाइल असेल तर फोटोचा नाद सोडा, 8 बाय 42 ची एक दुर्बीण मागून आणा. मुलांना दुर्बिणीतून पहिल्यांदा रोहिताचा पिवळा डोळा दिसतो तेव्हा त्यांच्या तोंडावर जे येतं, ते मोबाइलमध्ये मावत नाही.

एकदा जानेवारीत एक आजी-आजोबा आले होते पुण्याहून. घाई काहीच नव्हती त्यांना. थव्यापासून लांब मी बांबू रोवला आणि आम्ही तिघं बसून राहिलो. आजींनी थर्मासमधला चहा काढला. अर्ध्या तासानं थवा चरत चरत आमच्याकडेच यायला लागला. चाळीस मिनिटं झाली असतील, तेव्हा पुढचा पक्षी इतका जवळ होता की चोचीतून पाणी बाहेर पडताना होणारी चुळचुळ ऐकू येत होती. एका जागी पाय आपटत तो गोल फिरत होता, चिखल ढवळत, आणि मधोमध चोच बुडवत होता. नंतर एप्रिलमध्ये पाणी उतरल्यावर मी आजोबांना फोटो पाठवला, वाळलेल्या चिखलावर परातीएवढी गोल गोल वर्तुळं. ही त्याच जेवणाची खूण. त्या दिवशी माझं इंजिन सगळं मिळून दहा मिनिटंही चाललं नसेल.

शेव, गाणी, ड्रोन

कुरव, म्हणजे ते पांढरे गल, होडीमागे येतात म्हणून लोक फरसाण उधळतात. मीही पूर्वी उधळलंय. बंद करा. शेव-गाठ्यांचं तेल-मीठ त्यांच्या पोटाचं अन्न नाही, आणि एकदा सवय लागली की ते होडी दिसली की मासे सोडून होडीमागे लागतात. फरसाणाच्या पिशव्या वाऱ्यानं पाण्यात जातात ते वेगळंच. त्याच पिशव्या पुढे माझ्या जाळ्यात येतात.

स्पीकर आणू नका. प्री-वेडिंगवाले येतात, धुराच्या रंगीत कांड्या आणतात, आणि मागे थवा उडतोय असा व्हिडिओ मागतात. मी नाही म्हणतो. तुमच्या लग्नाचा दिवस कुणाला पळवून लावण्यानं सुरू होऊ नये, असं मला मनापासून वाटतं. ड्रोनही नको. वरून येणारा आवाज पक्ष्याला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो, आणि मालक काठावर उभा असल्यामुळे खाली काय गोंधळ झाला ते त्याला दिसतसुद्धा नाही.

ज्यांना पार्टीच करायची आहे त्यांना मी पाण्यावर नेतच नाही. आमच्या भागात मासे चांगले मिळतात, काठावरच्या खानावळीत बसा, भरपूर खा, मोठ्यानं हसा, कुणाचं काही जात नाही. पक्ष्यांचं पाणी आणि माणसांचा दंगा यात एक मैलाचं अंतर असलं की दोघंही सुखी. चिलापी मागा. ही आफ्रिकेची मासळी, इथे येऊन माजलीय, ती जितकी खाल तितकी आमच्या रोहू-कटल्याला जागा होईल. पण बोटाएवढ्या माशांची ताटली समोर आली तर परत पाठवा. ती पिल्लं बारीक वडाप जाळ्यांनी ओढलेली असतात. ती पोरं मोठी झाली असती तर किलोला आली असती, आणि लहानपणीच थोडी बगळ्या-चमच्यांच्याही पोटात गेली असती.

उघड्या पडलेल्या जमिनीवर

एप्रिल-मे महिन्यात लोकांना वाटतं मोसम संपला. खरं नाजूक काम तेव्हाच सुरू होतं, आणि याच विषयावर मला सगळ्यात जास्त बोलायचं असतं.

पाणी उतरतं तशी मध्ये मध्ये मातीची बेटं वर येतात. तिथे नदी सुरय, टिटव्या, शेकाटे, छोटे चिखल्या, छोट्या आर्ली अंडी घालतात. घरटं असं काही नसतंच. जमिनीत एक खळगा, पुष्कळदा म्हशीच्या खुराचा वाळलेला ठसा, त्यात दोन ते चार अंडी. रंग मातीचा, वर तपकिरी ठिपके. मी रोज बघणारा माणूस, तरी मला सुद्धा पाय टाकायच्या आधी खाली वाकून बघावं लागतं. शहरातून आलेल्या माणसाला दिसणं शक्यच नाही. होडीतून "जरा बेटावर उतरू, सेल्फी काढू" म्हणून उतरलेली सहा माणसं दहा मिनिटांत काय काय तुडवून येतात ते त्यांना कधीच कळत नाही.

आणि तुडवलं नाही तरी नुकसान होतं. उन्हाळ्याच्या दुपारी त्या मातीवर अनवाणी पाय ठेवून बघा, क्षणभर टेकवत नाही. सुरयची मादी त्या अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नाही, सावली द्यायला. मधेच उडून पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटानं परत येऊन बसते. मी हे लांब होडीतून दुर्बिणीनं तासभर बघितलंय. ती पाण्यावरून आली तेव्हा पोटाखालून थेंब गळत होते. तुम्ही बेटावर उभे राहिलात तर ती वर घिरट्या घालत ओरडत राहते, आणि खाली अंडी उन्हात भाजतात. मोजून काही मिनिटं पुरतात.

म्हणून मार्चच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत बेटावर उतरायचं नाही. होडीही कडेला लावायची नाही. तुमच्या डोक्यावर सुरय झेपा घेत असेल किंवा टिटवी आकांत करत असेल, तर पुढे "घरटं कुठंय बघू" करत जाऊ नका. आलात त्याच पावलांवरून, खाली बघत परत फिरा. अंड्यांचा फोटो टाकून जागेचं नाव लिहू नका. आणि हे नुसतं माझं मत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, त्यात शिकार कशाला म्हणायचं ते लिहिलंय, आणि पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणंही शिकारीतच धरलंय.

काठावर गाड्या घालू नका. उघड्या तळावर आमचे शेतकरी गाळपेर करतात, बाकी जमीन वरून कडक दिसते म्हणून मोठ्या गाड्यावाल्यांना मोह होतो. वरचा पापुद्रा फुटला की गाडी टपापर्यंत खाली बसते आणि मग ट्रॅक्टर शोधत माझ्याकडे येतात. गाडी निघते. चाकोरीत गेलेली टिटवीची अंडी निघत नाहीत.

आणखी एक साखळी सांगतो, ती कुणाच्या लक्षात येत नाही. काठावर बसून खाल्लेल्या बिर्याणीची हाडं, चपात्या तिथेच टाकल्या की गावची कुत्री तिथे मुक्कामाला येतात. कावळे येतात. पाणी उतरून बेट काठाला जोडलं गेलं की तीच कुत्री चालत बेटावर पोचतात. दोन वर्षांपूर्वी शेकाट्यांची चौदा घरटी मी लांबून मोजून ठेवली होती. एका रात्रीत सगळी साफ झाली, सकाळी चिखलावर नुसते कुत्र्यांचे पंजे होते. उष्टं खरकटं गाडीत परत न्या. डबा धुवायचा तर घरी.

होडीची भीती वाटते किंवा लहान बाळ बरोबर आहे, तर पाण्यावर यायलाच हवं असं नाही. जवळच भादलवाडीच्या तलावातल्या झाडांवर चित्रबलाकांची मोठी वसाहत असते, ती काठावरून दुर्बिणीनं सुरेख दिसते. नाशिककडचे असाल तर नांदूर मध्यमेश्वर आहे. 2020 मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, म्हणजे जगात महत्त्वाची मानलेली पाणथळ, म्हणून त्याची नोंद जाहीर झाली, तिथे मनोऱ्यावर बसून बघता येतं. मनोरा पक्ष्याच्या मागे धावत नाही, हे मला त्यातलं फार आवडतं.

आमच्या पोरांसाठी

तुम्हाला मोठा भाऊ म्हणून सांगतो. चार-पाच होड्या एका थव्याभोवती लागल्या की थव्याला निघायला वाट राहत नाही. एका बाजूनंच लागा, खोल पाण्याची बाजू पक्ष्यांना मोकळी सोडा. एक होडी आत असेल तर दुसरीनं बाहेर थांबावं, वीस मिनिटांनी बदली करावी. आम्ही काही जण हे फोनवर ठरवून करतो आणि गिऱ्हाईक तक्रार करत नाही. उलट वाट बघताना त्यांना चक्रवाकाची जोडी दाखवा, ढोकरी दाखवा, जाळं कसं टाकतात ते दाखवा. माणसं फ्लेमिंगोसाठी येतात पण आठवण ठेवतात ती तुमच्या गोष्टींची.

रोज किती दिसले ते वहीत लिहा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, मोजायला माणसं येतात, त्यांच्याबरोबर जा, शिका. पक्ष्यांची नावं येणाऱ्या गाइडला लोक शोधत येतात.

आणि तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा. जुनी फाटकी जाळी पाण्यात सोडून देऊ नका, हात जोडून सांगतो. गेल्या मार्चमध्ये एक शेकाट्या चिखलात पंख आपटताना दिसला. गुलाबी लांब पायाला तंगूसचे पाच-सहा वेढे बसलेले, धागा कातडीत रुतलेला. आबांनी त्याच्या डोक्यावर गमछा टाकला, म्हणजे तो शांत झाला, आणि मी मासे कापायच्या कात्रीच्या टोकानं एकेक वेढा तोडला. हातात त्याचं काळीज इतकं जोरात धडधडत होतं की माझी बोटं थरथरायला लागली. सोडला तेव्हा पाय टेकवत नव्हता, पण उडाला. ते तंगूस कुणाचं होतं ते मला माहीत नाही, माझंही असू शकतं. तेव्हापासून आमच्या घरी फाटकं जाळं पोत्यात जातं आणि पोतं भंगारात. तुम्ही पाहुण्यांनीही होडीतून जाताना पाण्यात तरंगणारं जाळ्याचं तुटकं भेंडोळं दिसलं तर होडीवाल्याला थांबायला सांगा आणि उचलून घ्या. तुमच्या त्या दिवसाच्या फोटोपेक्षा ते मोठं काम होईल. फक्त लावलेलं जाळं ओढू नका, ते कुणाच्या तरी संध्याकाळच्या भाकरीचं असतं.

मेच्या शेवटी मी होडी वर ओढून पालथी घालतो. मग आम्ही सगळे दौंडच्या विसर्गाचे आकडे बघत बसतो, कारण वरच्या धरणांवर पाऊस झाला की पाणी आधी दौंडला येतं आणि मग आमच्याकडे. बाकीचे धरण किती भरलं ते बघतात. मी बेटं बघतो. पाणी चढायच्या आत सुरयची पिल्लं उडायला लागली पाहिजेत, एवढाच त्या पंधरवड्यातला माझा हिशोब असतो. रोज संध्याकाळी आबा आणि मी काठावर जातो, दुर्बीण आळीपाळीनं घेतो, आणि मोजतो. होडी नेत नाही.